डॉक्टर गुरुरावांचा रिपोर्ट

"दसरा झाला की दवाखाना बंद. मी आपला बंगळूरला मुलाकडे जातो," असं डॉक्टर गुरुरावांनी तिरुमलरावांच्या पाठीला सांगितलं. पाठीलाच म्हणायचं, कारण स्टेथोस्कोप तेव्हा पाठीवर होता आणि तिरुमलरावांचं तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडे होतं. "श्वास घ्या" हे त्याआधी सांगून झालं होतं. "सोडा" म्हणायचं राहून गेलं. तिरुमलरावांनी घेतलेला श्वास तसाच धरून ठेवला. शेवटी कंपाउंडर वेंकोबानं आत डोकावून "अहो, सोडायला सांगा की त्यांना, निळे पडले," म्हटलं तेव्हा कुठे सुटका झाली.

मैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात हा दवाखाना चाळीस वर्षं होता. डॉक्टरांचे आजोबा रंगारी, लुगडी रंगवणारे. नातू डॉक्टर झाला आणि लाल, पिवळी, जांभळी मिक्श्चरं देऊ लागला, तेव्हा धंदा घरातच राहिला असं मोहल्ल्यातले लोक म्हणत. तिरुमलरावांना एकोणीस वर्षं साखरेचा आजार. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊ वाजता ते या दवाखान्यात येत. एकोणीस वर्षांत दोनच सोमवार चुकले होते, एक मुलीच्या लग्नाचा आणि एक सासऱ्यांच्या तेराव्याचा, आणि दोन्हींबद्दल त्यांनी पुढच्या सोमवारी दिलगिरी व्यक्त केली होती.

"पण का जाता?" असं विचारायला तिरुमलरावांचं तोंड उघडेना. ते काम डॉक्टरांनीच केलं. "आता माझ्याकडे कोण येतं हो? गल्लोगल्ली स्पेशलिस्ट झालेत. येतात ते आपले सवयीनं येतात," असं म्हणून ते सहज हसले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

सवयीनं! तिरुमलराव घरी आले ते हा एक शब्द घेऊन. पुढ्यात उप्पिट्टाची बशी आली, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. अंबुजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, सगळं ऐकून घेतलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला.

"अहो, मग 'जाऊ नका' म्हणून सांगायचं होतंत."

"कशाच्या आधारावर?"

"आधार कसला त्याला? तुम्हाला वाटतं की ते जाऊ नयेत."

"मला वाटतं हा आधार होतो का, अंबुजा?"

इथे तिरुमलरावांविषयी थोडं सांगायला हवं. बत्तीस वर्षं ते नजरबादेतल्या एका सरकारी कचेरीत आकडे गोळा करत होते. कचेरीच्या नावात अकरा शब्द होते आणि तिथे काय होतं हे मोहल्ल्यात कुणालाच कळलं नव्हतं. विहिरी किती, बैलगाड्या किती, कोंबड्या किती, हे सगळं त्यांनी मोजलेलं. निवृत्त झाल्यावर मोजायला घराबाहेरचं काही उरलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःची साखर धरली. स्वयंपाकघराच्या दारावर आलेखाचा कागद लावला होता, त्यावर एकोणीस वर्षांची निळी रेघ वर-खाली करत धावत होती. दर पहिल्या सोमवारी त्याची नक्कल ते डॉक्टरांपुढे ठेवत आणि डॉक्टर त्यावर चहाचा कप ठेवत. तर अशा माणसानं आधाराशिवाय "जाऊ नका" कसं म्हणावं? जीभच वळत नव्हती त्यांची.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासताच ओरडले, "मोजू या!"

बेत साधा होता. जुन्या आजारांचे, म्हणजे साखर, ब्लडप्रेशर, दमा, सांधे असले पाच वर्षांहून जास्त मुरलेले जे पेशंट आहेत त्यांना गाठायचं, आपल्या डॉक्टरांचा काय अनुभव आहे ते विचारायचं आणि त्याचे गुण घ्यायचे. सरासरी काढायची. ती आठ-नऊ येणार यात शंकाच नव्हती. मग तो कागद डॉक्टरांपुढे ठेवायचा, म्हणजे माणसं सवयीनं येतात की कशानं ते त्यांचं त्यांनाच दिसेल. त्यात आणखी एक जमून आलं. मोहल्ल्यातल्या आपल्या मराठी मंडळींनी नवरात्राच्या आधीच्या रविवारी डॉक्टरांचा निरोप-सत्कार ठरवला होता. चिटणीस नागोजीरावांनी मानपत्र लिहायचं काम तिरुमलरावांच्याच गळ्यात घातलं होतं. "चार गोड ओळी लिहा, सुम्ने," असं ते म्हणाले होते. सुम्ने म्हणजे उगीच, सहज. तिरुमलरावांनी आयुष्यात सुम्ने काही लिहिलं नव्हतं.

प्रश्न पाच होते. डॉक्टर ऐकून घेतात का, समजावून सांगतात का, वेळ देतात का, आजाराला कंटाळलेल्या माणसाला धीर देतात का, आणि एकंदरीत डॉक्टर कसे. शेजारच्या कमलाक्षी टीचर निवृत्त हेडमिस्ट्रेस. त्यांनी लाल पेन्सिल घेऊन कागद तपासला, सहा ठिकाणी चुका काढल्या आणि "सूचना हवी ना वर? सूचनेशिवाय प्रश्नपत्रिका असते का?" असं विचारलं. तिरुमलरावांनी मुकाट्यानं एक ओळ घातली, 'एक म्हणजे अगदी वाईट, दहा म्हणजे उत्तम.' नागोजीरावांना डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकाविषयी एक प्रश्न हवा होता, कारण त्या बाकाच्या खिळ्यात त्यांचं धोतर दोनदा फाटलं होतं. समोरच्या घरातल्यांना वेंकोबाच्या मिजाशीविषयी हवा होता. बघता बघता पाचाचे एकवीस झाले. तिरुमलरावांनी ते मोठ्या कष्टानं पुन्हा पाचावर आणले आणि सोळा माणसांचा रोष ओढवून घेतला.

आता छपाई. नजरबादच्या कचेरीत एक सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. ते तिरुमलरावांनीच एकोणीसशे एकाहत्तर साली मागवलेलं. तिथे आता साहेब होता चिदंबर. त्याला बेरीज तिरुमलरावांनी शिकवली होती.

"सर, तुमच्यासाठी काय पण करेन," चिदंबर उठून उभा राहत म्हणाला. "एक अर्ज द्या फक्त."

अर्ज दिला. अर्जावर शेरा आला, की विषय आरोग्याचा असल्यामुळे आरोग्य खात्याची हरकत नसल्याचं पत्र जोडावं. आरोग्य खात्यात कळलं की हरकत नाही असं कळवायला त्यांची हरकत नाही, पण आधी हे सर्वेक्षण कोणत्या योजनेखाली आहे ते कळवावं. योजना म्हणजे एक डॉक्टर, एक वेंकोबा आणि फाटलेलं एक धोतर, हे कोणत्या रकान्यात भरणार? तिरुमलराव तीन दिवस त्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसले. तिथल्या शिपायानं पहिल्या दिवशी त्यांना नमस्कार केला, दुसऱ्या दिवशी ओळख दाखवली आणि तिसऱ्या दिवशी "ओ काका, स्वल्प सरकून बसा," असं म्हटलं. त्या दिवशी ते उठले. अपमान झाला असं नाही, पण दुपारच्या जेवणात त्यांनी ताक घेतलं नाही.

शेवटी फॉर्म छापले लष्कर मोहल्ल्यातच, खंडोजीरावांच्या छापखान्यात. खंडोजीराव लग्नपत्रिका छापायचे. त्यांचा एक नेम होता. माथ्यावर गणपती आल्याशिवाय त्यांच्या छापखान्यातून कागद बाहेर पडत नसे.

"अहो, हा प्रश्नांचा फॉर्म आहे," तिरुमलराव काकुळतीला आले.

"असू दे की. प्रश्नांना विघ्नं येत नाहीत होय?"

गणपती आला. मोठा, रिद्धिसिद्धींसह. त्याला जागा करून द्यायला एक ओळ गाळावी लागली आणि खंडोजीरावांनी आपल्या मनानं सर्वांत बिनकामाची वाटली ती गाळली. कमलाक्षी टीचरांची सूचना. छापून झाल्यावर तिरुमलरावांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी विचार केला की दहा हे एकाहून मोठे, एवढं तर कुणालाही कळतं. आणि कमलाक्षी टीचरांची ओळ गळाली याचं त्यांना मनातून अगदी बारीकसं सुखही झालं होतं, खोटं कशाला बोला.

पुढची पायरी नमुना निवडीची. वेंकोबा पेशंटांची कार्डं बिस्किटांच्या तीन डब्यांत ठेवायचा. तिरुमलरावांनी जुन्या आजारांची तीनशे बारा कार्डं वेगळी काढली आणि कचेरीतलं एक पिवळं पुस्तक उघडलं, ज्यात पानोपानी नुसते वेडेवाकडे आकडे होते. त्या आकड्यांप्रमाणे चाळीस कार्डं उचलायची.

वेंकोबाला हा घोर अपमान वाटला. "मी सांगतो की चाळीस चांगली माणसं. आकडे कशाला विचारता? आकड्यांना काय माहीत, कोण औषध वेळेवर घेतो ते?"

"म्हणूनच त्यांना विचारायचं, वेंकोबा. त्यांना कुणाचीच भीड नसते."

भीड नव्हतीच. अकराव्या उचलीत तिरुमलरावांचं स्वतःचंच कार्ड आलं. आणि सव्विसाव्या उचलीत आले नरसिंहमूर्ती अर्चक, म्हणजे देवळाचे पुजारी, ब्लडप्रेशर, मुक्काम डोंगराच्या पायथ्याचं बेट्टदपुर. तीन महिन्यांनी एकदा मैसूरला येऊन औषध नेणारे.

"त्यांच्या ऐवजी पुढचं कार्ड घ्या," अंबुजाबाई म्हणाल्या.

"आकड्याला ऐवजी नसतो, अंबुजा."

"गुडघ्याला असतो का?"

पण तो प्रसंग पुढे. आधी मोहल्ला. पहिलं घर गंगाबाईंचं. वय अठ्ठ्याहत्तर, साखर आणि प्रेशर दोन्ही, जीभ खणखणीत. गणपतीचा कागद बघून त्यांनी आधी तिरुमलरावांच्या हातावर साखरेऐवजी गूळ ठेवला आणि विचारलं, "कुणाचं रे लग्न, तिरुमला? धाकट्या पुतण्याचं? मुलगी कुठली?"

लग्न नाही हे पटवण्यात अर्धा तास गेला. मग त्यांनी आपला शेवटचा रिपोर्ट आणून दाखवला, एकशे अठरा साखर, आणि ती गेल्या खेपेपेक्षा तीसनं कमी आहे हे चार वेळा सांगितलं. मग सुनेविषयी वीस मिनिटं. मग प्रश्न.

"डॉक्टर ऐकून घेतात का? एक ते दहा, किती गुण?"

"एक लिही."

तिरुमलरावांची पेन्सिल थांबली. "एक?"

"एकच. आणि समजावून सांगतात त्यालाही एक. धीर देतात त्याला तर एकसुद्धा जास्त, पण तुझ्या कागदावर शून्य नाहीये ना?"

आता कुणीही साध्या माणसानं "गंगाबाई, अहो असं का?" म्हणून विचारलं असतं. पण बत्तीस वर्षं तिरुमलराव नव्या कारकुनांना एकच गोष्ट शिकवत आले होते. विचारणाऱ्यानं भिंत व्हायचं. हसायचं नाही, भुवई उचलायची नाही, का म्हणून विचारायचं नाही, नाहीतर उत्तर बिघडतं. तिरुमलराव भिंत झाले. आतून मात्र त्या भिंतीचा गिलावा पडत होता.

दुसऱ्या घरी दोन. तिसऱ्या घरी एक. चौथ्या घरी दमेकरी गृहस्थांनी "तीन... नको, दोनच घाला, माणूस देव आहे," असं म्हटलं. तिरुमलराव थक्क झाले. तोंडानं देव आणि कागदावर दोन! माणसं एवढी दुटप्पी असतात हे त्यांना कोंबड्या मोजताना कधी कळलं नव्हतं. कोंबड्या बिचाऱ्या होत्या तितक्याच असायच्या.

मग बेट्टदपुर. बसमधून पायथ्याशी उतरले तेव्हा कळलं की अर्चक वर डोंगरावरच्या देवळात पूजेला गेलेत, दुपारी उतरतील. थांबायचं की नाही? शहाणा माणूस थांबला असता. तिरुमलरावांनी पायऱ्या चढायला घेतल्या आणि सवयीनं मोजायलाही घेतल्या. सातशेच्या पुढे आकडा चुकला. आयुष्यात पहिल्यांदा. ते एका दगडी मंडपात टेकले, डोळे मिटले आणि पुन्हा सुरुवातीपासून आठवायला लागले. तेवढ्यात कुणीतरी शेजारून खाली गेलं, पूजेच्या तांब्याचा आवाज झाला, पण मोजणी मोडू नये म्हणून त्यांनी डोळे उघडले नाहीत. वर पोचले तेव्हा देवळाला कुलूप होतं. समोर पन्नास मैलांचा मुलूख हिरवागार पसरला होता, वारा सुटला होता, आणि त्या सगळ्याकडे बघायला तिथे एकटे तिरुमलराव आणि चार माकडं होती. त्यांतल्या एकानं फॉर्मवरचा गणपती फाडून नेला.

खाली आले तेव्हा अर्चक ओट्यावर बसून कॉफी पीत होते. "मी उतरताना तुम्हाला मंडपात बघितलं," ते कन्नडात म्हणाले. "ध्यानाला बसला होतात. म्हटलं, मोडू नये." मग त्यांनी उरलेला फॉर्म बघितला, मैसूरच्या दिशेला तोंड करून डॉक्टरांना हात जोडले, आणि गुण दिले, दोन.

परतीच्या बसमध्ये तिरुमलरावांचे गुडघे वेगळे आणि मन वेगळं दुखत होतं.

सत्काराला चार दिवस राहिले तेव्हा त्यांनी बेरीज मांडली. चाळीस माणसं. 'एकंदरीत डॉक्टर कसे' या शेवटच्या प्रश्नाची सरासरी, दोन पूर्णांक तीन. त्यांनी तीनदा मांडली, उभी, आडवी आणि तिरपी. दोन पूर्णांक तीन. चाळिसांत सर्वांत जास्त गुण होते सात, आणि ते त्यांनी स्वतः दिले होते. अगदी प्रामाणिकपणे, तीन कापून.

"जाळा तो कागद," अंबुजाबाई म्हणाल्या.

"बत्तीस वर्षांत आकडा जाळला नाही मी."

"मग बदला."

तिरुमलरावांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या बिचाऱ्या उठून आत गेल्या आणि लोणच्याची बरणी हलवत बसल्या. तिरुमलरावांना रडू येत होतं. डॉक्टरांना थांबवायला निघालो होतो आणि त्यांच्या हातात बंगळूरचं तिकीट ठेवायची वेळ आली. तेही आपल्याच हातांनी, सरासरी काढून! सत्कारात मानपत्र गुळमुळीत वाचावं आणि हा कागद कायमचा ट्रंकेत टाकावा असं त्यांनी ठरवलं. पण नागोजीराव नावाचे चिटणीस ज्या मंडळींना असतात तिथे ट्रंकेत काही राहत नाही. नागोजीरावांनी आधीच डॉक्टरांना सांगून टाकलं होतं की तुमची परीक्षा झाली आहे आणि निकाल तिरुमलरावांकडे आहे.

दुसऱ्या दिवशी वेंकोबा दारात हजर. "डॉक्टरांनी बोलावलंय. म्हणाले, माझा रिपोर्ट घेऊन या."

तिरुमलराव गेले. सोमवार नव्हता, आणि त्यामुळे त्यांना आपण कुणा परक्याच्या दवाखान्यात शिरतोय असं वाटलं. बाकावर गंगाबाई होत्या, दमेकरी गृहस्थ होते, आणखी सहासात जण होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे अगदी प्रेमानं हसून बघितलं. किती निर्लज्ज असावं माणसानं, तिरुमलराव मनात म्हणाले आणि तपासणीच्या खोलीच्या अर्ध्या दारातून आत गेले.

डॉक्टरांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिरुमलरावांचा एक कागद वरपासून खालपर्यंत वाचला. त्यावर कप ठेवला नाही.

"दोन पूर्णांक तीन," ते शेवटी म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, पण चष्मा काढून त्यांनी तो पुन्हा पुसायला घेतला, आणि तो स्वच्छ होता. "बरं झालं, मोजलंत. मला वाटायचं, निदान पाच तरी असतील. चला, जायला सोपं झालं."

"डॉक्टर, मी..." तिरुमलरावांनी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

तोच अर्ध्या दारावर गंगाबाईंचं डोकं आलं. "दोन पूर्णांक तीन? अय्यो, बघा! मी म्हटलं नव्हतं? एकदम कंट्रोलमध्ये आहेत आपले डॉक्टर!"

आत क्षणभर कुणाला काही कळेना.

"कंट्रोल?" डॉक्टर म्हणाले.

"मग काय! चाळीस वर्षं तुम्हीच सांगताय ना, गंगाबाई, आकडा खाली आणा, आकडा खाली आणा. साखर खाली, प्रेशर खाली, वजन खाली. आकडा वर गेला की ओरडता. मग तुम्हाला काय वर नेऊन ठेवू? मी एक दिलाय. एकाच्या खाली कागदावर नव्हतं, नाहीतर तेही दिलं असतं."

बाकावरून एकच गलका झाला. मी पण एक! मी दोन दिले, कारण त्या दिवशी आंब्यावरून बोलले होते मला! दमेकरी गृहस्थ म्हणाले की आधी तीन दिले होते, पण तीन म्हणजे बॉर्डरवर, म्हणून मनाला लागलं आणि दोन केले. वेंकोबा औषधांच्या खिडकीतून म्हणाला, "हौदू, होय, नॉर्मल आहे. गोळीची गरज नाही."

तिरुमलराव खुर्चीत बसले, म्हणजे बसवले गेले. बत्तीस वर्षांची नोकरी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. विहिरी, बैलगाड्या, कोंबड्या, कुणी कुठून कुठे मोजलं असेल, देव जाणे. आणि खंडोजीरावांचा गणपती. आणि कमलाक्षी टीचर! त्यांना हे सांगावं लागणार होतं.

डॉक्टर हसत होते. एवढे हसताना त्यांना कुणी बघितलं नव्हतं. हसता हसता ते यादीवरून बोट फिरवत होते, आणि एका जागी बोट थांबलं. "हा सात कुणाचा?"

गलका एकदम बंद झाला.

"सात?" गंगाबाई म्हणाल्या. "सात कुणी दिले? आपल्या डॉक्टरांना सात? कोण तो मेला?"

"इथे औषध घेऊन सात देतो!" दमेकरी गृहस्थ दम लागेपर्यंत ओरडले. "नाव सांगा त्याचं!"

तिरुमलरावांनी सगळी हिंमत गोळा करून मान वर केली. त्या मानेला अजून कचेरीतला ताठा थोडा शिल्लक होता. "माझे आहेत. आणि ते सरळ बाजूनं मोजलेले आहेत. दहांतले सात. तीन कापलेत."

"कशाबद्दल?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकोणीस वर्षं मी साखरेचा आलेख आणतोय. तुम्ही एकदाही बघितला नाहीत. त्यावर कप ठेवता."

"तिरुमलराव, तुमचा आलेख मी तुम्ही दारात शिरतानाच बघतो. साखर ताब्यात असली की तुम्ही 'काय डॉक्टर, बरं आहे ना?' म्हणत येता. वाढलेली असली की 'गुड मॉर्निंग, डॉक्टर' म्हणता. इंग्रजीत. एकोणीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. आम्ही पैज लावतो, मी आणि वेंकोबा."

"दोनदा मी जिंकलोय," वेंकोबा खिडकीतून म्हणाला.

तिरुमलरावांनी एकोणीस वर्षांची रेघ मनातल्या मनात चाळून बघितली. आपल्याला कुणी इतकं बघत असेल, हे कोणत्याच आलेखात आलं नव्हतं.

"पण तुमचे सातही धरून निकाल चांगला आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "म्हणजे सगळं नॉर्मल. नॉर्मल पेशंटला घरी सोडायचं असतं. मी आता आनंदानं बंगळूरला जातो. मनाला एक रुखरुख होती, ती पण गेली."

अरे देवा! हे तर तिरुमलरावांनी धरलंच नव्हतं. सरासरी वाईट आली तरी जाणार, चांगली आली तरी जाणार. चाळीस घरं, एक डोंगर, चार माकडं, सगळं पाण्यात. त्यांनी खिशात हात घातला, दुसरा कुठला तरी तक्ता मिळेल म्हणून. खिशात पिवळं पुस्तक होतं आणि गूळ चिकटलेला एक रुमाल.

"जाऊ नका," ते म्हणाले.

"काय?"

"जाऊ नका, डॉक्टर."

डॉक्टरांनी कागदाची घडी खाली ठेवली. "आधार काय याला?"

"आधार काही नाही." तिरुमलरावांनी खिशातला हात बाहेर काढला. "मला वाटतं. तुम्ही गेलात तर मी पहिल्या सोमवारी कुठे जाऊ? दुसरा डॉक्टर आलेख बघेल, मला कोण बघणार? जाऊ नका, एवढंच."

अर्ध्या दारावर आता सातआठ डोकी आली होती. डॉक्टरांनी सवयीनं प्रिस्क्रिप्शनचं पॅड पुढे ओढलं, पेन उघडलं आणि काहीच लिहिलं नाही. मग हळूच म्हणाले, "तुमचा आजार बरा होतो का हो कधी, तिरुमलराव?"

"नाही. ताब्यात ठेवायचा असतो, असं तुम्हीच सांगता."

"हं. मग माझंही तेच दिसतंय. एकदा नॉर्मल आलं म्हणून सोडून देता येत नाही." त्यांनी पॅडवर लिहिलं आणि कागद फाडून तिरुमलरावांच्या हातात दिला. वर नाव होतं गुरुराव, वय अडुसष्ट. खाली लिहिलं होतं, हीच तपासणी एक वर्षानं पुन्हा. तोवर पथ्य, जागा सोडू नये.

रविवारी सत्कार झालाच. हॉल घेतलेला होता, हार आणलेला होता, आणि नागोजीरावांचं भाषण तयार होतं. त्यात 'निरोप' हा शब्द नऊ वेळा होता आणि त्यांनी तो नऊही वेळा वाचला. मानपत्रात तिरुमलरावांनी एकच आकडा घातला होता, दोन पूर्णांक तीन, आणि त्यावर जो टाळ्यांचा कडकडाट झाला तसा त्यांच्या कचेरीत कुठल्याच आकड्याला कधी झाला नव्हता. कमलाक्षी टीचर पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी फक्त लाल पेन्सिल पर्समधून काढून पुन्हा आत ठेवली. शेवटी मैसूर पाक वाटला. तिरुमलरावांनी एक घेतला. मग डॉक्टरांचं लक्ष नाही असं बघून आणखी दोन.

दसऱ्यानंतर महिन्याचा पहिला सोमवार आला. सकाळी नऊला दवाखाना उघडा होता, बाकाचा खिळा होता तिथेच होता, आणि तिरुमलराव रस्त्यातून मनात घोकत आले होते. दारात पाऊल ठेवलं आणि अगदी मोकळ्या, घरगुती आवाजात म्हणाले, "काय डॉक्टर, बरं आहे ना?"

"दोनशे वीस," वेंकोबा मान वर न करता म्हणाला.

"दोनशे तीस," डॉक्टर म्हणाले. "इतकं प्रेमानं ते कधीच म्हणत नाहीत. या, बसा. आणि तो आलेख आणा इकडे."

तिरुमलरावांनी कागद पुढे केला. डॉक्टरांनी कप बाजूला सरकवला, कागद उचलला आणि चांगला दीड मिनिट मान हलवत बघत राहिले. त्यांनी तो उलटा धरला होता. तिरुमलरावांच्या ते पहिल्या क्षणीच लक्षात आलं, आणि ते काही बोलले नाहीत.